इटलीतले जुने महाल आणि आजची कला : कुठे काय पाहिलंत, काय पटलं?

पागोळी (धागालेखिका)

कामानिमित्त तुरीनला राहते. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचं कोलोसियम, उफ्फिझी, पिसाचा मनोरा असं सगळं झालेलं असतं आणि मग प्रश्न येतो, "तुमच्याकडे काय बघण्यासारखं आहे?" मी त्यांना शहराबाहेर रिव्होलीच्या महालात नेते. तिथे राजाराणीचं सामान नाही, आजच्या काळातली कला आहे, हे कळल्यावर बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. परतताना मात्र गाडीत जोरदार वाद चालू असतात. तसा वाद इथेही व्हावा म्हणून हा धागा.

आधी इमारतीबद्दल. साव्हॉय या इथल्या राजघराण्याचा टेकडीवरचा हा महाल. फिलिप्पो युव्हारा या वास्तुकाराने 1718 मध्ये त्याचा अवाढव्य आराखडा केला, पण काम अर्ध्यावरच थांबलं. पुढे तिथे सैन्य राहिलं, नंतर पडझड झाली. 1984 साली त्यात समकालीन कलेचं संग्रहालय सुरू झालं. दुरुस्ती आंद्रेआ ब्रुनो या वास्तुकाराची, आणि मला त्याचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते हे की त्याने युव्हाराचं अपुरं राहिलेलं पुरं करायचा मोह टाळला. जिथे भिंत थांबली तिथे ती आजही थांबलेली दिसते. नवीन जे आहे ते पोलाद आणि काच, लांबूनही ओळखू येईल असं.

आत गिलाव्याची नक्षी आणि रंगवलेली छतं असलेल्या एका दालनात माउरित्सिओ कात्तेलानचा 'नोव्हेचेंतो' (1997) टांगलाय. खऱ्या घोड्याचं पेंढा भरलेलं शरीर. पोटाखालून चामड्याचा पट्टा, त्यावर सगळं वजन, मान खाली लोंबलेली आणि पाय ताणून नको इतके लांब झालेले. खाली उभं राहिलं की खूर डोक्याच्या वर दिसतात. पांढऱ्या भिंतींच्या गॅलरीत हाच घोडा बघून लोक दचकले असते आणि पुढे गेले असते. इथे तो ज्या घराण्याच्या छताला टांगलाय, त्या घराण्याची चित्रं आणि पुतळे घोड्यावर बसलेलेच असायचे. मान वर केली की सोनेरी नक्षी आणि मेलेलं जनावर एकाच नजरेत येतं. ती खोली नसती तर त्या घोड्याचं निम्मं म्हणणं बुडालं असतं.

माझं मत सरळ आहे. अशा ठिकाणी इमारतीला बोलू दिलं पाहिजे. जिथे ती नुसती देखणी पार्श्वभूमी होते, तिथे कलाकृतीही फिकी पडते. तुम्ही कुठे काय पाहिलंत? पटलं नसेल तेही लिहा.

---

रेघोट्या

उत्तम धागा! वाचनखूण साठवली.

माझ्याकडून व्हेनिसचं पुंता देला दोगाना. सतराव्या शतकातलं जकातघर, ग्रँड कॅनालच्या तोंडावर, टोकाला सोनेरी गोळ्यावर उभी असलेली भाग्यदेवता. वारा वाहील तशी ती फिरते. फ्रेंच उद्योगपती फ्राँस्वा पिनो यांच्या संग्रहासाठी जपानी वास्तुकार तादाओ आंदोने ती इमारत दुरुस्त केली आणि 2009 मध्ये उघडली. माल ठेवायचे लांबच लांब कोठे, वर लाकडी कैच्या, आणि मधोमध आंदोची गुळगुळीत काँक्रीटची चौकोनी खोली. जुन्या विटेशेजारी हात लावावासा वाटणारं थंड काँक्रीट. खिडकीतून बोटी जाताना दिसतात, त्यामुळे कितीही गंभीर काम असलं तरी बाहेरच्या पाण्याचं भान सुटत नाही.

टोकाच्या मोकळ्या जागेत उभ्या केलेल्या दुसऱ्या एका पुतळ्याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. 2009 मध्ये तिथे चार्ल्स रे याचा 'बेडूक धरलेला मुलगा' उभा केला होता, आठ फूट उंच, पांढराशुभ्र. त्याच्यासाठी जुना दिव्याचा खांब हलवला होता. गावकऱ्यांनी तो खांब परत मागितला आणि 2013 मध्ये मुलगा जाऊन खांब आला. मला पुतळा आवडायचा, तरी लोकांचं म्हणणं चुकीचं वाटत नाही. त्या खांबाखाली कित्येक पिढ्या उभ्या राहिल्या असतील.

---

जुनाजाणता

विषय आवडला, पण मी विरुद्ध बाजूने बोलतो.

2022 मध्ये व्हेनिसच्या दोजेंच्या, म्हणजे जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखांच्या, राजवाड्यात जर्मन चित्रकार आन्सेल्म किफरचं प्रदर्शन पाहिलं. साला देल्लो स्क्रुतिनियो हे मतमोजणीचं दालन. भिंतींवर व्हेनिसच्या आरमारी विजयांची प्रचंड चित्रं आहेत. किफरने त्या भिंती आपल्या तितक्याच प्रचंड कॅनव्हासनी झाकून टाकल्या. शिसं, राख, जुने कपडे, शिडी, सोन्याचे वर्ख. काम ताकदीचं होतं, नाकारत नाही. पण माझ्या शेजारचं एक वयस्कर जोडपं लांबून खास ती जुनी चित्रं बघायला आलं होतं. त्यांना काय मिळालं? पाहुण्याने यावं, बसावं, पण घरमालकाचे फोटो भिंतीवरून उतरवू नयेत. इटलीत रिकाम्या गोदामांची कमतरता नाही. ज्या दालनाला स्वतःचं भरभक्कम म्हणणं आहे तिथे दुसऱ्याने का बोलावं?

---

पागोळी

जुनाजाणता, तुमचा मुद्दा मी मनापासून घेते. त्या जोडप्याची हळहळ खरी आहे.

तरी एक लक्षात घ्या. 1577 च्या डिसेंबरात त्या राजवाड्याला आग लागली आणि आधीची चित्रं जळून गेली. आज जी दिसतात ती त्यानंतर करून घेतलेली, प्रजासत्ताकाने स्वतःच्याच पराक्रमाचे पोवाडे गायलेली. म्हणजे त्या भिंतीने आधीही एकदा कात टाकली आहे. किफरने आग आणि राख हाच विषय धरला, छत उघडंच ठेवलं आणि प्रदर्शन संपल्यावर जुनी चित्रं होती तशी समोर आली. शहाण्याने काही महिन्यांसाठी घातलेला हा पडदा मला चालतो. तिकीटखिडकीवर तशी ठळक सूचना नसेल, तर तो आयोजकांचा दोष.

झाकण्याचं उलटं उदाहरण द्यायचं तर 2013 मध्ये व्हेनिसमधल्याच पलात्सो ग्रास्सी या पिनोंच्या महालात रुडॉल्फ श्टिंगेलने सगळ्या जमिनी आणि भिंती गालिच्याच्या नक्षीने मढवल्या होत्या. वर्णनं आणि फोटो बघूनही मला ते पटत नाही. पावलांचा आवाज जातो, संगमरवर जातो, उरते ती एक श्रीमंत कल्पना. तिथे इमारत गुदमरली.

---

वीटभट्टी

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो (पुण्यात), म्हणून थोडी दुसरी बाजू.

अशा संरक्षित वास्तूत कलाकृती लावायची म्हणजे भिंतीला खिळा ठोकायची सोय नसते. म्हणून बहुतेक ठिकाणी भिंतीपासून सुटे उभे पडदे किंवा चौकटी असतात, त्या जमिनीवर स्वतःच्या वजनाने उभ्या राहतात. पण जमीन तरी किती पेलणार? व्हेनिसच्या महालांचे वरचे मजले लाकडी तुळयांवर असतात, पाया लाकडी खुंटांवर. शिल्प दोन टनांचं असेल तर वजन कसं पसरवायचं याचं गणित आधी, रसग्रहण नंतर. शिवाय सगळं सामान बोटीतून येतं. पाण्यावरच्या दरवाजातून आत जाणार नाही ते काम तुकड्यांत आणावं लागतं.

आंदोच्या जकातघरात मी सगळ्यात जास्त वेळ विटा बघत होतो. भिंत सरसकट खरवडून गिलावा मारलेला नाही. जी वीट सडली तेवढीच काढायची, तिच्या जागी त्याच मापाची जुनी वीट बसवायची, शेजारणीला धक्का लावायचा नाही. जवळ जाऊन पाहिलं तर रंगाच्या सूक्ष्म फरकावरून कुठली वीट नंतरची ते कळतं. त्या कारागिरांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत. कलाकाराच्या नावाच्या खाली ती असायला हवीत असं मला फार वाटतं.

आणि व्हेनिसला जाणाऱ्या प्रत्येकाने क्वेरिनी स्ताम्पालिया या जुन्या वाड्याचा तळमजला बघाच. वास्तुकार कार्लो स्कार्पाने 1963 मध्ये पुरा केलेला. भरतीचं पाणी घरात शिरतं, हा तिथला जुना त्रास. बाकीचे पाणी अडवायला बघतात, स्कार्पाने त्याला आत यायचा रस्ता करून दिला. कॅनालच्या बाजूला धातूची जाळीदार दारं, त्यातून पाणी येतं, दगडी पायऱ्यांवर चढतं. चालायची वाट उंच, तिला दोन्हीकडून कडा, त्यामुळे पाणी वाटेच्या बाजूने फिरून निघून जातं. खोल्यांच्या भिंतींवरची पॅनेलं मूळ भिंतीपासून सुटी ठेवलीत, म्हणजे ओल वर चढून त्यांना खात नाही. कडेच्या दगडावर पाण्याची रेघ उमटलेली दिसते. त्या घरात आजच्या कलाकारांची प्रदर्शनं होतात, पण माझ्या लेखी तिथली सगळ्यात आधुनिक कलाकृती तो तळमजलाच.

---

कवडसा

वीटभट्टी, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, प्लीज.

मी फ्लोरेन्सबद्दल लिहिते. पलात्सो स्त्रोत्सी, 1489 मध्ये बांधायला घेतलेला सावकाराचा वाडा. बाहेरून ओबडधोबड दगडांचा, किल्ल्यासारखा करकरीत. 2016 मध्ये चिनी कलाकार आय वेवेने त्याच्या खिडक्यांभोवती नारिंगी रबरी होड्या लावल्या होत्या, भूमध्य समुद्र पार करणाऱ्या निर्वासितांच्या. तेव्हा गावात केवढा गदारोळ झाला! पण भांडवल जमवणाऱ्या घराच्या दगडी चेहऱ्यावर त्या होड्या याव्यात, यात मला अर्थ दिसतो.

मी तिथे पाहिलं ते 2023-24 चं अनिश कपूरचं प्रदर्शन. कपूर मुंबईत जन्मलेला, त्यामुळे आपल्याला जरा जास्तच जवळचा. चौकात, कमानींच्या मधोमध, त्याने एक बंदिस्त खोली उभारली होती. आत शिरलं की गडद आयत. सपाट आहेत की खोल, डोळ्यांना ठरवताच येत नाही. बाहेर पंधराव्या शतकाचं मोजूनमापून केलेलं भूमितीचं जग, आत मापच हरवलेलं. वर 'स्वयंभू': लाल मेणाचा प्रचंड ठोकळा दोन दालनांमधल्या दारातून इतका सावकाश सरकतो की हलतोय हेच आधी कळत नाही. दाराची चौकट त्याला घासून आकार देते आणि चौकटीवर मेणाची लाल पुटं साचत जातात. शेंदराची पुटं चढून मूळ दगड दिसेनासा झालेला देव ज्याने गावाकडे पाहिलाय, त्याला समजावून सांगायची गरज नाही. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच 2022 मध्ये उतरवलं तेव्हाचे फोटो आठवले. माझ्या बाजूच्या इटालियन बाई त्यात रक्त बघत होत्या. दोन्ही खरं.

त्याचंच 2011 चं व्हेनिसमधलं काम बघायचं राहून गेलं याची चुटपुट आहे. वास्तुकार पाल्लादिओच्या सान जोर्जो माज्जोरे या चर्चमध्ये, घुमटाच्या बरोबर खाली, जमिनीतून वर जाणारा पांढऱ्या धुराचा खांब. कोणी पाहिलंय का?

---

रेघोट्या

मी पाहिलंय! धूर कधी सरळ चढायचा, कधी मध्येच तुटून वाऱ्याबरोबर भरकटायचा. दार उघडलं की लगेच वाकायचा. चर्चमध्ये प्रार्थनेला आलेले लोक आणि आमच्यासारखे बघे एकत्र उभे होते आणि कोणी कोणाला आड आलं नाही.

मुंबईकरांचा विषय निघालाच आहे तर 2019 च्या बिएनालेबद्दल, म्हणजे व्हेनिसमध्ये दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनाबद्दल. आर्सेनाले म्हणजे व्हेनिसच्या आरमाराची गोदी आणि शस्त्रागार. तिथली दोर वळायची इमारत 300 मीटरहून लांब आहे, कारण जहाजाचा दोर सलग वळावा लागायचा. विटांच्या जाडजूड खांबांच्या रांगाच रांगा. त्या परिसरात शिल्पा गुप्ताचं काम होतं: अंधारात टांगलेले 100 माईक, खाली 100 लोखंडी सळया, प्रत्येकीत खुपसलेला एकेक कागद. तुरुंगात टाकलेल्या 100 कवींच्या ओळी. माईकमधून आवाज यायचे, एक बोलायचा आणि बाकीचे साथ धरायचे. त्याच वर्षी भारताच्या दालनात गांधीजींवर प्रदर्शन होतं. जितीश कल्लाटने गांधींनी 1939 मध्ये हिटलरला लिहिलेलं पत्र धुक्याच्या पडद्यावर दाखवलं होतं, वाचता वाचता आपण त्यातून आरपार चालत जायचं. आणि शकुंतला कुलकर्णींची वेताची चिलखतं. जिथे शतकानुशतकं तोफा आणि जहाजं तयार झाली त्या आवारात अंगाला टोचणारं, मोडू शकणारं वेताचं चिलखत! मी तिथून हललेच नाही बराच वेळ.

---

उंबरठा

सगळं वाचतोय, छान चाललंय. पैशाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

पुंता देला दोगाना शहराच्या मालकीचं आहे, 33 वर्षांच्या कराराने पिनोंना दिलेलं. दुसरीकडे का'कोर्नेर देल्ला रेजिना हा महाल प्रादा या फॅशन घराण्याच्या प्रतिष्ठानकडे. 2017 मध्ये पिनोंनी आपल्या दोन्ही इमारती (ही आणि पलात्सो ग्रास्सी) डेमियन हर्स्टला दिल्या. बुडालेल्या जहाजातून काढल्याचा बनाव करून घडवलेला खजिना. ब्राँझ, संगमरवर, सोनं, पलात्सो ग्रास्सीच्या चौकात मजल्यांच्या वर गेलेला राक्षस. ज्याचा संग्रह, त्याचीच इमारत, आणि प्रदर्शनानंतर किंमत वाढणार त्याच कलाकाराची. जुनी वास्तू इथे कलाकृतीला प्रतिष्ठा मिळवून द्यायला वापरली जाते. व्हेनिसचा रहिवासी भाडं परवडत नाही म्हणून शहर सोडतोय, ही गोष्ट या झगमगाटाशेजारीच ठेवून बघायला हवी.

---

पागोळी

उंबरठा, हर्स्टबद्दल पूर्ण सहमत. प्रतिष्ठेबद्दलही सहमत, आणि हे आजचंच नाही. स्त्रोत्सींनी वाडा बांधला तोही प्रतिष्ठेसाठीच.

पण खाजगी पैशाचं एक वेगळं उदाहरण मला इथे नोंदवायचं आहे. मिलानच्या उत्तरेला वारेझे गावात व्हिल्ला पान्झा. अठराव्या शतकातलं घर. जुझेप्पे पान्झा या संग्राहकाने 1970 च्या दशकात तबेल्यांच्या आणि नोकरांच्या खोल्यांमध्ये डॅन फ्लॅविनला ट्यूबलाइट लावू दिल्या आणि जेम्स टरेलला भिंतीत खिडकी कापू दिली. टरेलच्या त्या खोलीत बघायला काहीही नाही, कापलेल्या चौकोनातून फक्त आकाश. आकाश इतकं जवळ येतं की रंगवलेला फलकच वाटावा. मुख्य घरात झुंबरं आणि जुनी लाकडी कपाटं तशीच आहेत आणि त्यांच्या वर एकरंगी कॅनव्हास. 1996 मध्ये पान्झांनी ते घर वारसा जपणाऱ्या एफएआय या संस्थेला देऊन टाकलं. लोकांसाठी 2000 पासून उघडं आहे. हे लोक त्या कलेबरोबर राहिले, जेवले, मुलं वाढवली, ते खोलीखोलीत जाणवतं.

सार्वजनिक बाजूने विचाराल तर माझं सर्वात आवडतं उदाहरण मी पाहिलेलं नाही, कारण ते 1953 चं. मिलानच्या पलात्सो रेआलेतलं साला देल्ले कारियातिदी हे नाचगाण्याचं राजेशाही दालन 1943 च्या बॉम्बहल्ल्यात जळलं, छत कोसळलं, भिंतीतल्या स्त्रीमूर्तींचे चेहरे आणि हात गेले. त्याच भाजलेल्या दालनात दहा वर्षांनी पिकासोचं 'गेर्निका' लावलं गेलं. बॉम्बहल्ल्याचं चित्र, बॉम्ब पडलेल्या भिंतींमध्ये. दालन आजही पूर्ववत केलेलं नाही, त्या जखमी मूर्ती तशाच आहेत आणि तिथे प्रदर्शनं होतात. कधी मिलानला गेलात तर चित्रांआधी त्या भिंती बघा.

---

जुनाजाणता

गेर्निकाची माहिती नव्हती. हे मात्र पटलं, कारण तिथे कोणी काही झाकलं नाही. किफरबद्दल माझं मत तेच.

---

मुक्काम_पोस्ट

धाग्यातली सगळी नावं लिहून घेतली. ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन जातोय. बाबा सत्तरीचे, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर, गुडघे दुखतात. आईला चित्रांची आवड, पण 'मॉडर्न' म्हटलं की ती नको म्हणते. कुठून सुरुवात करू? तिकिटांचं काय?

---

कवडसा

आईंसाठी रोमचं गॅलेरिया बोर्गेझे. तिथे बेर्निनी या जुन्या शिल्पकाराची शिल्पं कायमची आहेतच, आणि अधूनमधून आधुनिक कलाकारांची प्रदर्शनं भरवतात. 2023 मध्ये जुझेप्पे पेनोने या कलाकाराचं, ज्याचं सगळं काम झाडांशी. बेर्निनीच्या शिल्पात झाड होत चाललेल्या डाफ्नीच्या बोटांना संगमरवरी पानं फुटतात, त्या घरात त्याची पानं! 2024 मध्ये लुईझ बुर्जुआचं. जुनं आवडणाऱ्याला नव्याकडे हळूच नेणारी जागा आहे. तिकीट आधीच काढा, दोन तासांची ठरावीक वेळ मिळते. सोमवारी बंद.

व्हेनिसमध्ये गुडघ्यांना त्रास पुलांच्या पायऱ्यांचा. सालुते थांब्याला व्हापोरेत्तोने (तिथली प्रवासी बोट) उतरा, तिथून पुंता देला दोगानाला जाताना पूल लागत नाही. ते आणि पेगी गुगेनहाइम या संग्राहक बाईंचं घर (आता संग्रहालय), दोन्ही मंगळवारी बंद असतात, तेवढं सांभाळा. आणि एक, बिएनालेचं मुख्य तिकीट महाग वाटलं तरी शहरभर जुन्या वाड्यांत, चर्चमध्ये जी देशोदेशीची दालनं असतात, त्यातली बरीचशी फुकट आहेत. कुठल्याही अनोळखी दारावर लाल फलक दिसला तर आत डोकवा. एरवी त्या वाड्यांचे जिने आपल्याला कधी दिसले नसते. फ्लोरेन्सला स्त्रोत्सीचा चौकही विनातिकीट.

---

मुक्काम_पोस्ट

खूप आभार कवडसा. बोर्गेझे, रिव्होली आणि वारेझे नक्की. बाबांना वीटभट्टी यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते एकदम खुर्चीत सरळ होऊन बसले. त्यांचा प्रश्न आहे: खारं पाणी आत घेतलं, ते ओसरलं, ठीक. पण विटेत मुरलेल्या मिठाचं काय करतात?

---

वीटभट्टी

बाबांना नमस्कार सांगा, प्रश्न अगदी मुळावर आहे. पाण्यापेक्षा मीठच जास्त नुकसान करतं. पाणी विटेतून वर चढतं, वाळतं आणि मीठ पृष्ठभागाच्या आत स्फटिक होऊन वीट आतून फोडतं. म्हणून विटेची पूड पडताना दिसते ती पाण्याच्या रेघेवर नाही, तिच्या बरीच वर, जिथे ओल सुकते तिथे.

उपाय तीन पातळ्यांवर. पाणी ओसरल्यावर गोड्या पाण्याने धुणं, हे रोजचं. मीठ खोल गेलं असेल तर भिंतीवर कागदाच्या लगद्यासारखा ओला लेप थापतात. तो वाळताना मीठ स्वतःकडे ओढतो, मग काढून टाकायचा, पुन्हा नवा थापायचा, चाचणीत मीठ कमी दिसेपर्यंत. आणि ओल पुन्हा चढू नये म्हणून काही ठिकाणी भिंत थोड्या थोड्या लांबीत आडवी कापून मध्ये ओलरोधक थर सरकवतात. हे शेवटचं फार जपून, कारण कापताना वरचं वजन तोलून धरावं लागतं.

सिमेंटचा गिलावा मात्र कुठेच नाही. त्याने ओल कोंडते आणि आणखी वर चढते. क्वेरिनीत गेलात की बाबांना तळमजल्यावर भिंतीच्या आणि पॅनेलाच्या मधली फट दाखवा, हवा खेळायला ठेवली आहे. आणि नोव्हेंबरच्या आधी जाताय ते बरं, मोठी भरती बहुतेक तेव्हापासून सुरू होते. 2019 च्या नोव्हेंबरात भरतीची पातळी 187 सेंटीमीटरवर गेली होती. आता समुद्राच्या तोंडाशी उचलते दरवाजे बसवलेत, 2020 पासून ते वापरात आहेत, त्यामुळे गुडघाभर पाण्यात चालायची वेळ आता क्वचितच येते.